आजारी पिलाचा आपणांवर हक्क आहे काय?

पावसाळ्याच्या दिवसांत कडब्याच्या गंजींत, माळ्यावर किंवा पडक्या पडवीच्या कोनाड्यांत मांजरीचीं पिलें सांपडणें ही खेड्यांतील नित्याची गोष्ट आहे. त्यांतलें एखादें भिजलेलें, डोळ्यांना चिपडें आलेलें, ओरडण्याचेंही त्राण न उरलेलें असें असतें. आणि नेमकें तेंच घरांतील मूल सदऱ्याच्या घोळांत घालून घरीं आणतें. मग वाद सुरू होतो. आई म्हणते, तें आधीं बाहेर ठेव. आजी म्हणते, मांजराच्या मरणाचें पातक घराला नको. बाप कांहींच न बोलतां कामाला निघून जातो. हा वाद क्षुल्लक आहे असें आम्हांस वाटत नाहीं. जो जीव दुबळा आहे, आपल्या कांहीं उपयोगाचा नाहीं, आणि बहुधा जगणारही नाहीं, त्याचें आपण कांहीं देणें लागतों काय, असा प्रश्न त्या मुलानें नकळत घराच्या उंबऱ्यावर आणून ठेविलेला असतो.

बैल आजारी पडला असतां शेतकरी रात्रभर गोठ्यांत बसतो. ती दयाच आहे. परंतु त्या दयेच्या पोटांत पेरणीची काळजीही असते, आणि ह्या दोहोंची गांठ अशी बसलेली असते कीं कोणता धागा कोणाचा हें त्या शेतकऱ्यालाही सांगतां यावयाचें नाहीं. त्यांत दोष नाहीं. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायांत धार्मिक मनुष्य आपल्या पशूच्या जिवाला जपतो असें जें सांगितलें आहे, तेथें हित व दया हीं हातांत हात घालूनच चालतात. (घरच्या मांजराचें नांव आपल्या सहासष्ट पुस्तकांत कोठेंही आलेलें नाहीं, ही गोष्ट आमच्या कांहीं वाचकांच्या ध्यानांत नसेल.) परंतु पिलाच्या बाबतींत हिताचा आधार निघून जातो. मोठें मांजर उंदीर मारतें हें खरें. पण जें उभेंही राहूं शकत नाहीं त्याच्या भरंवशावर धान्याचें पोतें कोणी उघडें ठेवीत नाहीं. म्हणून आपल्या दयेंत दया किती व हिशेब किती, हें बैलापेक्षां पिलाच्या शेजारीं अधिक स्पष्ट दिसतें. आपल्या गांवांतून सांगितली जाणारी एकनाथांची गोष्ट ह्याच जातीची आहे. रामेश्वरासाठीं आणलेलें गंगेचें पाणी त्यांनीं तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाला पाजलें. तें गाढव पुढें कोणाच्या कामास आलें कीं नाहीं, हें ती गोष्ट सांगत नाहीं, आणि ऐकणाराही विचारीत नाहीं.

आतां, देणें लागतों असें क्षणभर धरून चाललें, तरी तें फेडावयाचें कसें? येथें पुष्कळ दयाळू माणसें फसतात. मांजर म्हटलें कीं दूध, ही आपली समजूत इतकी घट्ट आहे कीं पिलूं घरांत येतांच पहिलें काम बशींत गाईचें दूध ओतण्याचें होतें. त्या दुधानेंच पुष्कळ पिलें मरतात. गाईच्या दुधांतील साखर पिलाला नीट पचत नाहीं, आणि त्याच्या आईच्या दुधाच्या मानानें त्यांत प्रथिनेंही कमी असतात. हगवण लागते, अंगांतील पाणी जातें, आणि मूठभर जीव एकदोन दिवसांत संपतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गांवीं पशूंच्या औषधांच्या दुकानांत मांजराच्या पिलांसाठींच केलेली दुधाची पूड मिळते. ती उकळून कोमट केलेल्या पाण्यांत कालवून द्यावयाची असते. ज्या गांवांत दुसरी व्यालेली मांजर आहे व तिचीं पिलें त्याच वयाचीं आहेत, तेथें ती पुष्कळदां परकें पिलूं जवळ घेते, आणि त्यासारखा दुसरा उपाय नाहीं. मात्र आजारी पिलूं तिच्या निरोगी पिलांत ठेवूं नये.

परंतु दुधाच्याही आधीं ऊब. पहिले तीनचार आठवडे पिलाला आपलें अंग स्वतः ऊन राखतां येत नाहीं. तें गार पडलें कीं आंतड्यांचें काम मंदावतें, आणि अशा वेळीं पाजलेलें दूध पोटांत तसेंच राहतें. म्हणून गार पिलाला आधीं कोरडें करावें, फडक्यांत गुंडाळून आपल्या अंगाशीं धरावें, किंवा खोक्यांत कोमट पाण्याची बाटली जाड कापडांत गुंडाळून ठेवावी. पण ती एकाच बाजूस ठेवावी, म्हणजे फार ऊन लागल्यास त्याला सरकतां येईल. चुलीशेजारीं ठेवूं नये. अंग उबदार झालें, हालचाल दिसूं लागली, मगच पाजावें. तेंही माणसाच्या लेंकराप्रमाणें उताणें धरून नव्हे, तर आईपाशीं असतें तसें पालथें, पोटावर टेकवून, बिनसुईच्या पिचकारीनें थेंबथेंब. उताण्या पिलाचें दूध फुप्फुसांत जातें. पहिल्या आठवड्यांत दर दोनतीन तासांनीं, रात्रींसुद्धां. पुढें हें अंतर वाढवितां येतें. आणखी एक गोष्ट सांगावयास थोडा संकोच वाटतो, पण ती न कळल्यानें जीव जातो. सुमारें तीन आठवड्यांपर्यंत पिलाला लघवी व शौच आपोआप होत नाहीं; आई चाटते म्हणून होतें. आई नसल्यास कोमट पाण्यांत भिजविलेल्या कापसानें प्रत्येक पाजणीच्या वेळीं तो भाग हलक्या हातानें पुसावा लागतो. जन्मतः पिलूं सुमारें १०० ग्रॅम भरतें व रोज साधारण १० ग्रॅमनें वाढतें. वाण्याच्या बारीक काट्यावर रोज वजन करावें, आणि तें वाढेनासें झालें किंवा घटलें कीं डोळ्यांना दिसण्यापूर्वींच आजार कळतो.

औषधाविषयीं एकच गोष्ट आग्रहानें सांगतों. माणसाच्या तापावर देतात ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे. तिचा तुकडाही जीव घेतो. फरशी पुसावयाचें फिनेलही त्याला बाधतें, आणि कुत्र्याच्या पिसवांवरचीं कांहीं औषधें त्याहून वाईट. पिसवांनीं रक्त शोषून पिलाच्या हिरड्या पांढऱ्या पडतात हें खरें. पण अगदीं लहान पिलाला पूड न लावतां बारीक दांत्यांच्या फणीनें त्या काढाव्या. बाकीचें पशुवैद्यावर सोपवावें. सरकारी दवाखान्यांत गाईम्हशींच्या रांगेंत मांजराचें पिलूं घेऊन उभें राहण्यास लोक लाजतात, त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

इतका तपशील नीतीच्या लेखांत कशाला, असें कोणी विचारील. आमच्या मतें नीति ह्या तपशिलांतच आहे. गाईचें दूध ओतणाऱ्याच्या मनांत वाईट हेतु नसतो. पण त्यानें जें दिलें तें त्याला देण्यास सोपें व शोभणारें होतें, घेणाऱ्याची गरज त्यानें विचारलीच नाहीं. माणसांना मदत करतांनाही असेंच होतें, हें ज्यांनीं दुष्काळांत धान्य वाटलें आहे त्यांस आम्हीं सांगावयास नको.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. पिलूं आणतें मूल, कौतुक होतें मुलाचें, आणि रात्रीं दोन वाजतां उठते आई. दिवसभर शेतांत खुरपून आलेल्या बाईला ‘दया कर’ असें सांगणें फार स्वस्त आहे. ज्या दयेची किंमत दुसरा कोणी भरतो ती दया आपल्या नांवावर मांडतां येत नाहीं. म्हणून ज्या घरांत पिलूं ठेवावयाचें ठरलें, तेथें रात्रीच्या पाळ्या बापानें व थोरल्या मुलांनीं वांटून घ्याव्या. आणि तें जमणार नसेल, तर आईचा नकार कठोरपणा नव्हे, तो प्रामाणिक हिशेब आहे, असें आम्ही समजतों. घरांत आजारी मूल असेल, पैसा औषधालाच पुरत नसेल, तेथें पुडीचा डबा आणणें हें कर्तव्य नव्हे. पण गरिबीचा आधार सर्वच ठिकाणीं घेतां येत नाहीं. १०० ग्रॅमच्या पिलाच्या पोटांत एका वेळीं चहाच्या चमच्याएवढेंच दूध मावतें. शेजारचें मूल उपाशी असतां मांजराला दूध कशाला, असें म्हणणाऱ्यांपैकीं कितीजण तो वांचविलेला चमचा त्या शेजारच्या मुलाला नेऊन देतात?

‘आईनेंच टाकलें, सृष्टीचा नियमच तो,’ असेंही म्हणतात. पहिली गोष्ट ही कीं पुष्कळदां आईनें टाकलेलें नसतेंच. ती भक्ष्य शोधावयास गेलेली असते, किंवा एकेक पिलूं तोंडांत धरून जागा बदलीत असते. पिलांना सात घरें फिरविते अशी आपल्याकडे समजूतच आहे. पिलूं कोरडें व उबदार असेल, जवळ कुत्रीं नसतील, तर कांहीं तास दुरून वाट पाहणें हाच खरा उपकार. दुसरें असें कीं सृष्टीच्या नियमाचा हा न्याय आपण आपल्या मुलांना लावीत नाहीं. त्यांना लस टोचून घेतों, अशक्त जन्मलेल्या बाळाला पेटींत ठेवितों. तिसरें, गांवाबाहेर पोत्यांत घालून पिलें सोडून येणें याला सृष्टीचा नियम म्हणतां येणार नाहीं. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणें उपासमार होईल अशा स्थितींत जनावर विनाकारण टाकून देणें हा गुन्हाच आहे.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट म्हणे कीं जनावरांशीं क्रूरपणें वागूं नये, कारण त्यानें मनुष्य माणसांशींही क्रूर होतो. इंग्रज पंडित बेंथम यानें १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत, त्यांना बुद्धि व वाचा आहे कीं नाहीं हें बाजूस ठेवून, दुःख होतें कीं नाहीं ह्यावर भर दिला. शाळेंतील मुलांस शिकवावयास कांटचा विचार सोयीचा आहे. पण मध्यरात्रीं खोक्यांतून क्षीण आवाज येतो तेव्हां तो आपला स्वभाव सुधारावा म्हणून येत नसतो. त्याला थंडी वाजत असते. आम्हीं बेंथमच्या बाजूस कौल देतों, आणि कांटचें म्हणणें त्याच्या मागून येणारा लाभ समजतों.

तथापि दुःखाचें माप मान्य केलें कीं आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते. कांहीं पिलें वांचणार नाहींत. वांत्या, हगवण, अन्न न घेणें, हीं लक्षणें एकाएकीं दिसलीं तर मांजरांतील एक विषाणूचा आजार असूं शकतो, व त्यांत सेवा करूनही लहान पिलें जातात. अशा वेळीं ‘शेवटपर्यंत झटलों’ ह्या आपल्या समाधानासाठीं त्याच्या तोंडांत पिचकारी खुपसीत राहणें बरें नव्हे. पशुवैद्यानें आशा नाहीं असें सांगितलें व यातना फार असल्या, तर सुईनें शांतपणें मरण देणें आम्हांस निषिद्ध वाटत नाहीं. दगड व विहीर यांचा मात्र ह्याशीं कांहीं संबंध नाहीं. पिलूं मेल्यावर मूल उपदेशकास विचारील कीं आतां तें कोठें गेलें; जें आपणांस सांगितलेलें नाहीं तें रचून सांगूं नये, त्याच्याबरोबर जाऊन खळगा खणावा. त्या रोगाचा विषाणु घरांत वर्षभरही टिकतो, म्हणून खोकें व फडकीं जाळावीं, जमीन ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानें धुवावी, आणि लस न टोचलेलें दुसरें पिलूं लगेच आणूं नये.

आणि तें जगलें तर? चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न कालवून द्यावें. पुढें पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें लशी द्याव्या, त्यांत तिसऱ्या महिन्याच्या सुमारास रेबीजची. मांजरानें, तें घरचें असलें तरी, कोणास चावलें किंवा ओरबाडलें तर साबणाच्या पाण्यानें पंधरा मिनिटें जखम धुवून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. मादी असल्यास ती चारपांच महिन्यांची असतांनाच गाभण राहूं शकते, व सुमारें नऊ आठवड्यांत विते. तेव्हां त्या वयाच्या आधींच शस्त्रक्रिया कोठें होते हें तालुक्याच्या दवाखान्यांत विचारून ठेवावें.