थंड इंजिनाची साक्ष

जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास असतं : 'एका किकमध्ये सुरू'. कुठल्या किकमध्ये, ते कुणी लिहीत नाही. रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीला पहाटे सहाला मारलेली पहिली किक, की गिऱ्हाईक यायच्या आधी गल्लीतून दोन चकरा मारून आणल्यावरची? वाक्य दुसऱ्या बाबतीतही खरंच असतं, आणि म्हणूनच ते मला सतावतं. साध्या खोट्याचा निकाल लावणं सोपं असतं.

यामाहा आरएक्स 100 आपल्याकडे 1985 ते 1996 या काळात बनली. म्हणजे त्यातली सगळ्यात तरुण गाडीही आता तिशीच्या घरात आहे, माझ्याच वयाची. तरी 98 सीसीच्या या गाडीसाठी मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजायला लोक तयार असतात. मी माझी घेतली सेलूजवळच्या एका गावातून. सकाळी दहाला पोचलो, गाडी कडुनिंबाच्या सावलीत उभी होती. किक मारायच्या आधी सायलेंडरच्या पंखांवर हात टेकवला. चटका बसला. मालकानं ते पाहिलं, मी पाहिलं की त्यानं पाहिलं, आणि दोघंही काही बोललो नाही. "मारा ना जी किक, पाहून घ्या," तो म्हणाला. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. थोड्या वेळानं भाव पाच हजारांनी खाली आला, तोही कारण न सांगता.

तो माणूस खोटं बोलला का? एकही शब्द खोटा नव्हता. कायद्याच्या दृष्टीनंही तो बऱ्यापैकी सुरक्षित आहे. 1930 च्या माल विक्री अधिनियमाच्या 16 व्या कलमाचा मूळ सूर असा की काही अपवाद सोडले तर मालाच्या दर्जाची हमी गृहीत धरायची नाही; घेणाऱ्यानं बघून घ्यावं. बैलबाजारात आपल्याकडे हेच चालत आलंय. दात मोजून बैलाचं वय कळतं, खोड मात्र दावणीला बांधल्यावर कळते. कापसाचं बरंय. ओलावा मोजायचं मीटर आलं, 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, 12 पर्यंत कपात, त्यापुढे सरकारी खरेदी नाही. जिथे मीटर आहे तिथे कुणाच्या सचोटीची फारशी परीक्षा होत नाही. प्रश्न उरतो तो मीटर नसलेल्या ठिकाणी.

रोमन वक्ता सिसेरो यानं दोन हजार वर्षांपूर्वी कर्तव्यावर लिहिलेल्या ग्रंथात हाच प्रश्न घेतलाय. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याला ठाऊक आहे, बेटावरच्यांना नाही. त्यानं सांगावं, की गप्प राहून चढ्या भावानं विकावं? बाबिलोनचा डायोजेनीस म्हणतो : कायदा सांगतो तेवढे दोष सांग, फसवू नकोस, बाकी तुझा माल तू विक, न सांगणं आणि लपवणं एक नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो : विकणाऱ्याला माहीत असलेलं सगळं घेणाऱ्यालाही माहीत असलं पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूनं कौल देतो. मला मात्र डायोजेनीसचं म्हणणं एवढ्यात सोडवत नाही, कारण बाजार बहुतांशी त्याच्याच नियमानं चालतो आणि चालतो हेही खरं.

पण गरम इंजिन डायोजेनीसच्याही नियमात बसत नाही असं मला वाटतं. गप्प राहणं वेगळं. इंजिन मुद्दाम तापवून ठेवणं म्हणजे यंत्राला आपल्या वतीनं बोलायला लावणं. इंजिन खोटी साक्ष देतं, आणि मालक हात झटकून मोकळा.

घरी आणल्यावर थंड गाडीनं खरं काय ते सांगितलं. चोक ओढून पंचवीस-तीस किका. स्पार्क चांगला निळा. कार्बोरेटर उघडून पायलट जेट साफ केला, फरक शून्य. एवढ्या किका मारूनही प्लग कोरडाच, म्हणजे पेट्रोल वरपर्यंत पोचतच नव्हतं. आणि एकदा गरम झाली की आयडलिंग वर चढायचं, थ्रॉटल सोडला तरी आवाज लवकर खाली येत नसे. बाहेरची हवा कुठूनतरी आत शिरत होती.

टू-स्ट्रोकमध्ये खालची क्रँकची पेटी हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना पेटीत पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोलचं मिश्रण ओढलं जातं. खाली येताना तेच दाबून वर ढकललं जातं. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबराची सील असतात. तीस वर्षांत रबर कडक होणारच, त्यात बनवणाऱ्याचा काही दोष नाही. किकच्या वेळी क्रँक हळू फिरतो, गळतीला भरपूर वेळ मिळतो, ओढ कमी पडते. इंजिन वेगात आलं की तेवढ्याच भोकातून दर फेऱ्याला कमी हवा शिरते. गरम इंजिनात पेट्रोलही पटकन वाफ होतं. त्यामुळे दोष झाकला जातो, जात मात्र नाही.

आमच्या भागातला मिस्त्री हाताचा पक्का माणूस. त्यानं ऐकून सरळ सांगितलं, "भाऊ, जेट मोठा टाकून देतो. होऊन जाते चालू." आणि झालीही असती. पायलट जेट मोठा केला की सुरू होताना पेट्रोल जास्त मिळतं, गळतीची भरपाई होते. पण पूर्ण थ्रॉटलला पायलटचा फारसा संबंध नसतो. तिथे हवा जास्त, पेट्रोल कमी, पिस्टन तापणार आणि एखाद्या दिवशी देवळीच्या रस्त्यावर जाम होणार. माझ्या पोटापाण्याच्या धंद्यात याला भाऊ आहे : एखादी विनंती अधूनमधून फसते, का फसते ते न शोधता 'तीनदा पुन्हा प्रयत्न कर' असा कोड घालून द्यायचा. तक्रारी थांबतात. कोड लिहिणारा पुढच्या नोकरीला निघून जातो.

मला मोठा जेट हे गरम इंजिनाचंच सख्खं भावंड वाटतं. फरक एवढाच की इथे गिऱ्हाईकही आपण आणि फसवणारेही आपणच.

तेव्हा गळती दिसेल अशी सोय केली. कार्बोरेटरचं आणि सायलेन्सरचं तोंड सायकलच्या ट्यूबचं रबर लावून बंद केलं. पिस्टन खाली आणला, जुन्या प्लगच्या सांगाड्यात नळी बसवली आणि तिला ब्लडप्रेशर मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा जोडला. 300 पर्यंत पारा चढवला. धड इंजिनात तो बराच वेळ टिकतो. इथे बघता बघता उतरला. साबणाचं पाणी टाकल्यावर मॅग्नेटच्या मागून फेस आला. मिस्त्री वाकून बघत राहिला, मग म्हणाला, "हे बेस आहे." त्यानं केसिंग उघडलं, दोन्ही सील बदलली. दोन दिवस गेले. आता पहाटे चोक ओढून दुसऱ्या किकला सुरू होते. पहिल्या किकला म्हणणार नाही.

पण उघडल्यावर पिस्टनच्या माथ्यावर एक आकडा दिसला : 1.00. म्हणजे सायलेंडर घासून-घासून शेवटच्या मापाला आलाय. पुढच्या वेळी बोअर करायला जागा नाही, नवी स्लीव्ह घालावी लागेल. हा दोष हात लावून, कान देऊन, थंड किक मारूनही कळत नाही.

वर्ध्यात मगनवाडीत मगन संग्रहालय आहे, गांधीजींनी 1938 साली उघडलेलं. तिथले चरखे बघताना एक गोष्ट जाणवते. माळ सैल, चाती वाकडी, जे काही असेल ते डोळ्यांसमोर. दोष लपवायला यंत्रात जागाच नाही. त्याआधी 1929 मध्ये चांगल्या चरख्यासाठी 1 लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं, त्याच्या अटी मला त्याहून आवडतात : किंमत 150 रुपयांच्या आत, वीस वर्षं चालला पाहिजे, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या 5 टक्क्यांहून जास्त नको. किंमत आणि दुरुस्ती एकाच कागदावर.

मागच्या महिन्यात हिंगणघाटचा एक पोरगा गाडी बघायला आला. मी थंड गाडीला किक मारून दाखवली. सील बदलल्याचं सांगितलं, मग पिस्टनच्या आकड्याचंही. तोवर तो 80 हजारांवर आला होता. आकडा ऐकून त्याचा चेहरा बदलला. "एवढं सांगून राहिले तुम्ही, म्हणजे अजून काही असनच ना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळे गरम इंजिन दाखवत असताना थंड इंजिन दाखवणाऱ्याचाच संशय येतो, यात त्या पोराचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. परवा त्याचा फोन आला, स्लीव्हला किती खर्च येतो ते विचारायला. मिस्त्रीनं सांगितलेला आकडा मी त्याला सांगितला आणि मिस्त्रीचा नंबरही दिला.