एलियाची भाकर आणि आपली वाट



आज सुरुवातीलाच एक कबुली देतो. गेल्या उपवासकाळात मी गोड आणि तळलेले पदार्थ सोडले होते. पहाटेच्या मिस्सानंतर रोज अर्धा तास चालतही होतो. चाळीस दिवसांत वजन चार किलोने उतरले. मग ईस्टर आला. त्या दिवशी सात घरी गेलो आणि सातही घरी केक खाल्ला. पुढे प्रथम ख्रिस्तप्रसादाचे सोहळे, मे महिन्यातील लग्ने, नव्या घरांचे आशीर्वाद! पेन्टेकॉस्टपर्यंत गेलेले चार किलो परत आले आणि येताना आणखी एकाला सोबत घेऊन आले. जूनमध्ये रक्त तपासले तेव्हा उपाशीपोटी साखर १६८ निघाली. चालायचे बूट पलंगाखाली धूळ खात पडले होते.

हे सगळे माझ्याच बाबतीत घडते असे नाही. तुमच्यापैकी कितीतरी जण मला म्हणतात, "फादर, समजते सगळे, पण मनच होत नाही." खरे आहे. भात कमी खावा, मीठ जपून घ्यावे, रोज चालावे हे आता शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्याला माहिती पुरेशी मिळते. कमी पडते ती उमेद.

दोन महिन्यांपूर्वी मध्यरात्री पवित्र तेल घेऊन एका घरी धावत गेलो. ते घर कोणते हे सांगत नाही. घरचा कर्ता माणूस, वय सेहेचाळीस, धाकटा मुलगा चौथीत. मी पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. दफनविधीनंतर त्याची पत्नी मला म्हणाली, "फादर, गोळ्या उशाशीच होत्या. रोज म्हणायचे, उद्यापासून घेतो, उद्यापासून चालायला जातो." तो "उद्यापासून" हा शब्द तेव्हापासून माझ्या कानातून जात नाही.

गैरसमज नको. आजारपण म्हणजे पापाची शिक्षा नव्हे. जन्मांध माणसाच्या बाबतीत प्रभू येशूनेच हे स्पष्ट केले आहे. सर्व पथ्ये पाळूनही माणूस आजारी पडतो. अशा आजाऱ्याला दोष देणे हेच पाप ठरेल. पण जे आपल्या हाती आहे ते तरी आपण करतो का?

आजच्या पहिल्या वाचनात आपल्याला एलिया संदेष्टा भेटतो (१ राजे १९:४-८). कार्मेल डोंगरावर त्याने मोठा विजय मिळवला होता. पण ईजबेल राणीची धमकी येताच त्याचा धीर सुटला. तो रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि त्याने देवाकडे मरण मागितले. मग झोपून गेला. एवढा मोठा संदेष्टा, पण त्याचीही उमेद संपली! म्हणून उमेद संपली की स्वतःला नालायक समजू नका.

देवाने काय केले पाहा. दूत पाठवला, पण त्या दूताने एलियाला भाषण दिले नाही. "तू कसला संदेष्टा!" असे सुनावले नाही. त्याने त्याला हात लावून उठवले आणि खायला सांगितले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. एलियाने खाल्ले आणि तो पुन्हा झोपला! दूत रागावला नाही. तो दुसऱ्यांदा आला, पुन्हा उठवले आणि पुढची वाट मोठी असल्याचे सांगितले. त्या अन्नाच्या बळावर एलिया चाळीस दिवस, चाळीस रात्री चालत होरेब पर्वतावर पोहोचला.

यातून तीन गोष्टी आपण घरी घेऊन जाऊ या.

पहिली गोष्ट : देव आपल्या उत्साहाची वाट पाहत नाही. एलियाला उत्साह आला म्हणून तो उठला असे नाही. तो उठला, त्याने खाल्ले, मग बळ आले. आपण उलटे करतो. मन झाले की चालू, असे म्हणतो आणि मन काही होत नाही. प्रार्थनेचेही तसेच असते. मन लागो न लागो, गुडघे टेकले की हळूहळू मन मागून येते. उद्या सकाळी फक्त बूट घाला आणि फाटकापर्यंत जा. एवढेच.

दुसरी गोष्ट : देवदूत दोनदा आला. पहिल्या प्रयत्नात जमले नाही तर सगळे संपले असे नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१० साली सवयींविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५० हून अधिक लागतील असे दिसले. आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडले नाही. म्हणजे चाळीस दिवसांचा उपवासकाळ संपताच मी थांबलो, तेव्हा माझी सवय अजून कोवळीच होती! आपल्याला हे नवे नाही. क्रुसाच्या वाटेवर आपण प्रभूला तीनदा पडताना आणि तीनदा उठताना पाहतो. लग्नात जास्त खाल्ले? दुसऱ्या दिवशी साधे जेवा. पापनिवेदनाच्या संस्कारातही आपण हेच शिकतो : पडलास, ऊठ, पुढे चल.

तिसरी गोष्ट : एलियाला कुठेतरी पोहोचायचे होते. आरोग्य हे आपले होरेब नव्हे, ती होरेबकडे जाण्याची शिदोरी आहे. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की, जीवन आणि आरोग्य या देवाने सोपवलेल्या मौल्यवान देणग्या आहेत आणि त्यांची वाजवी काळजी आपण घ्यावी. पण देहाचीच पूजा मांडणे तो नाकारतो (२२८८-२२८९). आरशासाठी घेतलेला व्यायाम आरशापुढेच थकतो. नातवाला उचलून घेता यावे, म्हाताऱ्या आईची सेवा करता यावी, मिस्साला स्वतःच्या पायांनी येता यावे यासाठी चाला. पाय दमले तरी कारण दमत नाही.

येत्या १५ ऑगस्टला आपण पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण साजरा करणार आहोत. १९५० साली बाराव्या पायस महागुरूंनी घोषित केलेले हे श्रद्धासत्य सांगते की, मरियामातेला आत्म्यासह आणि शरीरासह स्वर्गात घेतले गेले. ज्या शरीराला स्वर्गात जागा आहे, त्याला आपण कचऱ्याच्या डब्यासारखे कसे वागवावे? संत पौल तर त्याला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो (१ करिंथ ६:१९). मंदिराची झाडलोट आपण सणापुरती करत नाही, रोज करतो.

आता थोडे व्यवहाराचे. आपले आजी-आजोबा विहिरीचे पाणी शेंदत, वाडीत राबत, बाजाराला चालत जात. तेव्हा तीन वेळचा भात पचत असे. आज पाणी मोटारीने चढते आणि पाच मिनिटांच्या चर्चला आपण स्कूटरने येतो, पण ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. चालता चालता रोजरीची पाच रहस्ये म्हणा, वीसेक मिनिटे सहज होतात. जवळ राहणाऱ्यांनी रविवारी चालत मिस्साला यावे. सुक्या मासळीत आणि लोणच्यात मीठ किती असते, हे रक्तदाब असलेल्यांनी ध्यानात ठेवावे. पाहुण्याने "पुरे" म्हटले की पुरे समजावे, आग्रह म्हणजेच प्रेम नव्हे. मधुमेहींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपवास करू नयेत, आजाऱ्यांना ख्रिस्तसभा त्याची सक्ती करत नाही.

आणि एकमेकांचे देवदूत व्हा. एलियाला कुणीतरी हात लावून उठवावे लागले. सोमवारपासून सकाळच्या मिस्सानंतर चर्चचे सभागृह अर्धा तास उघडे राहील. पाऊस असला तरी आत फेऱ्या मारता येतील. मी तिथे असेन. नसलो तर माझ्या दारावर थाप मारा, हा अधिकार मी तुम्हाला देतो. शेजारच्या ज्या मावशी गुडघेदुखीमुळे घराबाहेर पडत नाहीत, त्यांना अंगणापर्यंत तरी हात द्या.

आजच्या शुभवर्तमानात प्रभू स्वतःला स्वर्गातून उतरलेली जिवंत भाकर म्हणतो. थोड्याच वेळात तो आपल्या हाती येईल. ज्या देहात आपण त्याला स्वीकारतो, त्या देहाची निगा राखण्याचे बळ त्याच्याकडेच मागू या. आणि "उद्यापासून" हा शब्द आज वेदीपाशी ठेवून घरी जाऊ या.

प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू