बॉनेटखालची चिठ्ठी

नाशिकला द्वारकेजवळ एका मिस्त्रीचं लहानसं गॅरेज होतं. गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे, एवढंच काम. हाताखाली एक शिकाऊ पोरगा होता.

एप्रिलच्या उन्हात एक निवृत्त गुरुजी आले. गाडी १९९२ सालची मारुती. म्हाताऱ्या आईला दिवसाआड दवाखान्यात न्यावं लागे, आणि एसी गार हवा देत नव्हता.

"मिस्त्री, तेवढा गॅस भरून द्या."

मिस्त्रीने गेज लावला. आत आर-१२ हा जुना गॅस थोडासा उरला होता. तो तर बाजारातून कधीच गेला होता.

"गुरुजी, गाडी आर-१३४ए गॅसवर आणावी लागेल. उद्या संध्याकाळी या."

गुरुजी गेल्यावर पोरगा म्हणाला, "उस्ताद, उरलेला हवेत सोडू आणि नवा भरू. तासाभराचं काम."

मिस्त्री काही बोलला नाही. मशीन लावून त्याने उरलेला गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला. मग म्हणाला, "हा सोडला तर शंभर वर्षं हवेत राहतो. वर जाऊन ओझोन खातो. म्हणून १९८७ साली मॉन्ट्रियलला देशांनी करार केला. ही गाडी रस्त्यावर आली त्याच वर्षी आपणही त्यात सामील झालो."

मग त्याने कॉम्प्रेसर उतरवला आणि जुनं तेल निथळू दिलं. नव्या गॅसमध्ये ते तेल मिसळत नाही. ते वाटेत कुठेतरी पडून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. गार हवा मात्र काही दिवस छान येते, त्यामुळे कुणाला कळतही नाही. मिस्त्रीने पाइप धुतले, एस्टर तेल घातलं, ड्रायर आणि सगळ्या ओ-रिंगा बदलल्या. व्हॅक्यूम ओढून गेज रात्रभर तसाच ठेवला. सकाळी काटा जागचा हलला नव्हता. तेव्हा कुठे त्याने गॅस भरला, तोही जुन्या मापापेक्षा थोडा कमी.

शेवटी एका चिठ्ठीवर त्याने गॅसचं नाव, वजन, तेल आणि तारीख लिहिली आणि ती बॉनेटच्या आतून चिकटवली.

"गुरुजी कशाला वाचतील हे?" पोरग्याने विचारलं.

"पुढचा मिस्त्री वाचेल."

"कोण तो?"

"कोण जाणे."

चांगल्या कामाचा बराच भाग असा बॉनेटखाली झाकलेला असतो. ज्याचा चेहरा आपण कधी पाहणार नाही, त्याच्यासाठी तो केलेला असतो: शंभर वर्षांनी उन्हात खेळणाऱ्या पोरासाठी, नाहीतर परगावच्या एखाद्या मिस्त्रीसाठी.

पुढे ती गाडी विकली गेली. काही वर्षांनी दूरच्या एका गावात कुणीतरी तिचं बॉनेट उचललं. गाडीचं साल पाहून त्याने जुन्या तेलाचा डबा हातात घेतला होता. चिठ्ठी दिसली तसा तो वाकला, बोटाने धूळ पुसून त्याने ती वाचली आणि डबा परत फळीवर ठेवला.