तटापासून दूरचे तटस्थ

१६ मे २०२१ च्या रात्री ‘तौक्ते’ हे चक्रीवादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर उत्तरेकडे सरकत होते. त्या रात्री किनाऱ्यापासून दीडशेहून अधिक किलोमीटर आत, बारामतीला लागून असलेल्या जळोचीत, तिघे जण एका गच्चीवर जागे होते. टाळेबंदीचे दिवस, तिघेही एकाच इमारतीतले शेजारी. एक भूगोलाचे निवृत्त शिक्षक, दुसरा एम.ए.चा विद्यार्थी आणि तिसरा प्रस्तुत लेखक. हवामानशास्त्राशी आमचा व्यवसाय म्हणून काही संबंध नाही. दर अर्ध्या तासाने येणारे उपग्रहचित्र पाहायचे, हवामान खात्याचे निवेदन त्याच्याशी ताडून पाहायचे आणि पुढच्या निवेदनात वादळाची कोणती श्रेणी जाहीर होईल याचा आपापसांत अंदाज बांधायचा, हा आमचा कित्येक वर्षांचा छंद. पहाटेच्या सुमारास ढगांच्या चकतीच्या मध्यभागी एक काळसर ठिपका स्पष्ट होऊ लागला. ‘सर, डोळा उघडला!’ विद्यार्थी म्हणाला. सरांनी बराच वेळ चित्राकडे पाहिले आणि म्हणाले, ‘काय सुरेख आहे रे!’

त्याच पहाटे मुंबईच्या पश्चिमेला तेलक्षेत्रात पी-३०५ हा निवासी तराफा नांगर तुटून वाहवत चालला होता. १७ तारखेच्या संध्याकाळी तो बुडाला. तो तराफा आणि त्याच वादळात बुडालेली ‘वरप्रदा’ ही नौका मिळून सत्तराहून अधिक माणसे गेली. सरांच्या त्या उद्गाराविषयी आम्ही नंतर कधी बोललो नाही. परंतु तो उद्गार चुकीचा होता काय, आणि असल्यास नेमका कोणत्या अर्थाने, हा प्रश्न मला सोडून गेला नाही. तो केवळ सभ्यतेचा प्रश्न नसून आस्वादाच्या मीमांसेत त्याची मुळे आहेत, असे मला वाटते.

संकट सुरक्षित अंतरावरून पाहण्यातला आनंद ही काही नवी गोष्ट नाही. ल्युक्रीशिअसने किनाऱ्यावर उभे राहून दुसऱ्याची खवळलेल्या समुद्राशी चाललेली झुंज पाहणारा माणूस वर्णिला आहे. त्याचे सुख आपण त्या संकटात नाही या जाणिवेचे आहे. कांटने उदात्ताच्या विवेचनात झंझावात, ज्वालामुखी, खवळलेला महासागर यांची उदाहरणे घेतली आणि द्रष्टा सुरक्षित असला पाहिजे अशी अट घातली. आपल्याकडे हा प्रश्न मुख्यतः करुणरसाच्या निमित्ताने चर्चिला गेला. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषणात मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना याच अडचणीतून मार्ग काढू पाहते: वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु स्वतःचे भान सोडत नाही. या सर्व उपपत्तींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे, समोरची घटना एकतर काव्यातली आहे, किंवा निसर्गातली असली तरी त्या क्षणी ती कोणा विशिष्ट व्यक्तीवर कोसळते आहे की नाही याने आस्वादाच्या स्वरूपात फरक पडत नाही. ल्युक्रीशिअसचा बुडणारा माणूससुद्धा निनावी आहे. श्रीवर्धन, उना, अकापुल्को ही मात्र नावे आहेत.

वादळाच्या अभ्यासकांचा हा छंद मुळातच ‘वाचना’चा आहे, हे साहित्याच्या अभ्यासकाला विशेष वाटावे. खोल समुद्रात वाऱ्याचा वेग मोजणारे साधन बहुधा नसते. म्हणून १९७० च्या दशकात व्हर्नन ड्व्होरॅक या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने एक रीत विकसित केली: ढगांच्या आकृतिबंधावरून वादळाचे बळ ठरवायचे. पट्टे केंद्राभोवती किती वळले आहेत, मधला घनदाट भाग किती सलग आहे, डोळा किती नितळ व उबदार आणि त्याभोवतीची ढगांची भिंत किती थंड, यांवरून एक अंक काढला जातो आणि त्या अंकावरून वाऱ्याचा वेग. जगभर आजही ही पद्धत प्रमाण मानली जाते. याचा अर्थ असा, की आकृती जितकी वर्तुळाकार, जितकी सुसंघटित, केंद्र आणि परिघ यांच्यातला विरोध जितका तीव्र, तितके वादळ विध्वंसक. मर्ढेकरांच्या संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या निकषावर अशा चित्राला सुंदर म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे सरांचा उद्गार सौंदर्यनिर्णय म्हणून अचूक होता. अडचण अशी, की ज्या लक्षणांमुळे तो अचूक ठरतो तीच लक्षणे विध्वंसाचे माप आहेत.

येथे एक बचाव संभवतो. एकाच वस्तूची दोन वर्णने असू शकतात आणि माणूस त्यांपैकी एकाच वर्णनाखाली तिच्यावर प्रेम करू शकतो. मला आवडतो तो डोळ्याचा नितळपणा. घरांवरचे पत्रे उडणे मला आवडत नाही. एखादे लहान मूल ते चित्र पाहून हरखले तर आपण त्याला दोष देणार नाही, कारण त्याच्यापाशी एकच वर्णन आहे. पण गच्चीवरच्या आम्हा तिघांना ती लिपी वाचता येत होती. आकृती पाहून आम्ही ताशी किलोमीटरमध्ये वेग सांगत होतो. दुसरे वर्णन पहिल्यातूनच आम्ही काढत होतो, तेव्हा ते ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय आम्हाला उरली नव्हती. अज्ञानाचा बचाव जाणकाराला मिळत नाही. साहित्यसमीक्षेत जाणकारी हा आस्वादकाचा अधिकार मानला जातो. येथे ती त्याच्यावरचे दायित्व ठरते.

तरीही केवळ सौंदर्याची जाणीव होणे हा दोष मानता येईल असे मला वाटत नाही. ती जाणीव इच्छेवर अवलंबून नसते. प्रश्न सुरू होतो तो इच्छेपाशी, आणि इच्छा शिरते ती काळाच्या वाटेने. प्रत्यक्ष घडत असलेल्या वादळाचा शेवट खुला असतो. चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ताशी सुमारे पंचावन्न किलोमीटरने किंवा त्याहून अधिक वाढला, तर त्याला शीघ्र तीव्रीकरण म्हणतात. पाहणाऱ्याने एक अंक मनात धरलेला असतो, आणि पुढचे चित्र येईपर्यंतच्या अर्ध्या तासात तो अंक खरा ठरावा असे त्याला वाटू लागते.

या संदर्भात संजयाची आठवण अपरिहार्य आहे, आणि बारामतीत तर विशेषच. कारण मोरोपंतांनी आपले आर्याभारत याच कऱ्हेच्या काठी रचले. संजय म्हणजे दिव्यदृष्टीने युद्धाचे चालू वर्णन करणारा, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. महाभारतातील रचना मात्र निराळी आहे. भीष्मपर्वात संजय रणभूमीवरून येतो आणि भीष्म पडल्याची वार्ता आधी सांगतो. दहा दिवसांचा वृत्तान्त, गीतेसह, त्यानंतर येतो. शेवट आधीच हाती आल्यामुळे श्रोत्याला आता कशाचीही आशा धरता येत नाही, पैज लावता येत नाही. ‘काय होईल’ हे संपून ‘कसे झाले’ एवढेच उरते. करुणरसाला आवश्यक असलेले इच्छेचे शमन या रचनेनेच साधले आहे. शेवट ठाऊक नसता, तर धृतराष्ट्राचे ऐकणे कोणत्या जातीचे झाले असते याची कल्पना करणे कठीण नाही. स्वतः युद्ध पाहण्यासाठी व्यासांनी देऊ केलेली दृष्टी त्याने नाकारली होती, हेही येथे ध्यानात घ्यावे.

खुल्या शेवटाच्या घटनेबाबत साधारणीकरण पुरे होत नाही, त्याला आणखी एक कारण आहे. रसप्रक्रियेत आलंबन असते तसा आश्रयही असतो. भयानकाचे आलंबन वादळ असेल, तर त्याने भ्यालेला कोणीतरी हवा. छत्तीस हजार किलोमीटरवरून घेतलेल्या चित्रात आलंबन पूर्णपणे दिसते आणि आश्रय मुळीच दिसत नाही. परिणामी भयानकाच्या जागी अद्भुत येऊन बसतो. ‘काय सुरेख आहे’ हा अद्भुताचा उद्गार आहे, आणि ज्या चित्रात माणूस नाही त्याला पाहणाऱ्याने दिलेला तो स्वाभाविक प्रतिसाद आहे. भट्टनायकाच्या मते रसाची प्रतीती ताटस्थ्यानेही होत नाही आणि आत्मगतत्वानेही होत नाही. आधुनिक मराठी समीक्षेने तटस्थता हा आस्वादकाचा गुण मानला. प्राचीनांना तो रसविघ्नाच्या जवळचा वाटत होता. शब्दाच्या व्युत्पत्तीतही एक विपर्यास दडलेला आहे. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. परंतु चक्रीवादळात तटावर उभा असलेला माणूस तटस्थ राहूच शकत नाही. ती चैन जळोचीला परवडते.

मग आश्रय परत आला तर काय होते? ७ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मिल्टन’ हे हरिकेन मेक्सिकोच्या आखातात अतिशय वेगाने तीव्र होत असताना, मायामीतील अनुभवी हवामानतज्ज्ञ जॉन मोरालेस यांना दूरचित्रवाणीवर दहा तासांत पन्नास मिलिबारने उतरलेल्या दाबाचा आकडा सांगताना आवाज आवरता आला नाही. स्वरभंग आणि अश्रू हे दोन्ही भरताच्या आठ सात्त्विक भावांपैकी. आयुष्यभर ही लिपी वाचलेल्या माणसाला आकड्यातच माणसे दिसली. त्याची जाणकारी आमच्याहून कितीतरी अधिक होती, आणि तिने त्याला तटस्थ केले नाही.

अशा वेळी इच्छेची परीक्षा तिच्या पूर्तीपेक्षा तिच्या भंगात अधिक नीट होते. वादळ क्षीण झाले किंवा वळले, की पाहणाऱ्याला काय वाटते? माझ्यापुरते सांगायचे तर अनेकदा प्रथम किंचित निराशा वाटली आहे आणि हायसे वाटणे त्यामागून, थोड्या प्रयत्नाने आले आहे. जैन विचारात द्रव्यहिंसेहून भावहिंसा वेगळी मानली जाते. माझ्या इच्छेने वाऱ्याचा वेग तिळमात्र वाढत नाही, म्हणून ती निरुपद्रवी आहे, हा युक्तिवाद द्रव्यहिंसेपुरताच खरा. मराठी भाषेने ही निराशा नकळत नोंदवून ठेवली आहे. वादळाने मुंबईला ‘हुलकावणी दिली’ असे आपण सहज म्हणून जातो. हुलकावणी देते ती हवी असलेली गोष्ट: दुष्काळी भागाला पाऊस, गुणवंताला पारितोषिक. संकट टळते, हुलकावणी देत नाही.

पावसाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जळोचीतले सगळेच आमच्यासारखे निरपेक्ष प्रेक्षक नाहीत. हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. कालव्याचे पाणी न मिळणाऱ्या जिराईत गावांत बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रे आस्थेने पाहिली जातात. ती आत सरकली तर ज्वारीला ओल मिळते. या माणसाची इच्छा उघडउघड सहेतुक आहे आणि तिच्यात कोणाचे तरी नुकसान गृहीत आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त विवेचिलेल्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांच्या भाषेत बोलायचे तर तो शुद्ध लौकिक पातळीवर आहे. सौंदर्यशास्त्राच्या रूढ श्रेणीक्रमात त्याचे स्थान आमच्या खाली लागेल. नैतिकदृष्ट्या मात्र मला तो वरचढ वाटतो, कारण आपल्या इच्छेचा विषय आपल्याच अंगावर येऊ शकतो हे तो जाणतो. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकिनाड्याजवळ किनारा ओलांडलेले अतितीव्र कमी दाबाचे क्षेत्र तेलंगण पार करून दुसऱ्या दिवशी या भागावर आले आणि त्याने बारामती-इंदापूर तालुक्यांत उभी पिके पाण्याखाली घातली. त्या रात्री गच्चीवर कोणी नव्हते. चित्र पाहायला सवड नव्हती आणि पाहण्याजोगे त्यात काही नव्हतेही: विस्कटलेला, आकार हरवलेला पांढरा पुंजका. समीक्षकाने त्याला वाईट रचना म्हटले असते.

पाहणे थांबवावे असे यातून निष्पन्न होत नाही. न पाहणाऱ्याला इच्छेचा दोष लागत नाही, हे खरे. पण त्याला काहीच लागत नाही. छंदापायी जागणाऱ्या माणसानेच कित्येकदा किनाऱ्यावरच्या नातेवाइकाला वेळेवर फोन केलेला असतो. माझा आक्षेप पाहण्याला नाही, आश्रयावाचून पाहण्याला आहे.

सरांच्या पत्नीचे माहेर दिवेआगरचे. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्यावर आले तेव्हाही आम्ही चित्रे पाहत होतो. दोन दिवसांपूर्वी जे केवळ कमी दाबाचे क्षेत्र होते, ते आता तीव्र चक्रीवादळ झाले होते. वीज गेली, मनोरे पडले, तिकडचे फोन लागेनासे झाले. चित्रे मात्र दर अर्ध्या तासाने येत राहिली. संध्याकाळपर्यंत त्यातली आकृती पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात विरत गेली, दुसऱ्या दिवशी ती ओळखूही येईना आणि आम्ही पाहणे सोडून दिले. सरांच्या मेव्हण्यांचा फोन चौथ्या दिवशी लागला. घर ठीक आहे, असे ते म्हणाले आणि मग वाडीत उभ्या राहिलेल्या पोफळी मोजून सांगू लागले. सर कागद-पेन्सिल घेऊन तो आकडा लिहीत होते.