थांबणारे मासे आणि पुढे निघून जाणारी माणसे

सामान्य काळातील पंधरावा रविवार (वर्ष क)
वाचने : अनुवाद ३०:१०-१४, कलस्सैकरांस १:१५-२०, लूक १०:२५-३७



आजच्या शुभवर्तमानात एक धर्मशास्त्री प्रभू येशूला प्रश्न विचारतो. शेजाऱ्यावर प्रीती करावी हे त्याला तोंडपाठ आहे. त्याला हवी आहे ती हद्द. शेजारी नेमका कोण, हे एकदा ठरले म्हणजे बांधापलीकडच्या माणसाची जबाबदारी आपल्यावर नाही, असे त्याला वाटते. येशू त्याला हद्द आखून देत नाही. तो यरीहोच्या वाटेवरची गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्नच उलटा करतो : त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला?

पहिल्या वाचनात मोशे लोकांना सांगतो, की देवाची आज्ञा आकाशात नाही, समुद्रापलीकडेही नाही. ती तुमच्या ओठांवर आणि अंतःकरणात आहे. संत पौल सांगतो, की दृश्य-अदृश्य सर्व काही ख्रिस्ताच्या द्वारे निर्माण झाले आणि त्याच्याच ठायी एकत्र टिकून आहे. 'सर्व काही' म्हटले की त्यात पाण्यातले मासेही आले. गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी माशांच्या एकमेकांशी वागण्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. तो आजच्या शुभवर्तमानाशी ताडून पाहण्यासारखा आहे.

सुरुवात आपल्याच पाण्यापासून करू. कयाधूच्या डोहात, येलदरी-सिद्धेश्वरच्या जलाशयात मरळ मासा आढळतो. पावसाळ्यात मरळ अंडी घालते आणि आईबाप त्यांची राखण करतात. पिले बाहेर पडली की त्यांचा लालसर थवा हवा घेण्यासाठी पुन्हापुन्हा पाण्यावर येतो. खाली आईबाप पहारा देत असतात. कोणी जवळ आले तर अंगावर धावून जातात. मासेमारी करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. पिलांचा थवा दिसला की खाली मोठी मरळ आहे, हे ते ओळखतात. जीव धोक्यात असला तरी मरळ पिले सोडून सहसा दूर जात नाही आणि म्हणूनच ती सापडते. ही आपल्या लेकरांवरची माया आहे. ती थोर आहे, पण प्रभू येशू सांगतो, की आपल्यावर प्रेम करणाऱ्यांवर प्रेम तर सगळेच करतात.

दुसरे उदाहरण तांबड्या समुद्रातले. रेदुआन बशारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. कोकणात ज्याला हेकरू म्हणतात, त्या जातीचा एक मोठा मासा उघड्या पाण्यात शिकार करतो. वामसारखा लांबोळका मोरे ईल मासा खडकांच्या कपारीत शिरून शिकार करतो. हेकरू ईलच्या बिळापाशी जातो, त्याच्यासमोर वेगाने डोके हलवतो आणि दोघे मिळून शिकारीला निघतात. भक्ष्य कपारीत लपले तर ईलच्या तोंडी, बाहेर पळाले तर हेकरूच्या तोंडी. वाटणी होत नाही. ज्याने पकडले त्याने खाल्ले. तरी एकट्याने हिंडण्यापेक्षा दोघांनाही जास्त मिळते. आपल्याकडे सावड असते ती याच तत्त्वावर. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. सावडीवर गाव चालते. पण जो परतफेड करू शकणार नाही, ज्याच्याकडे बैल नाही, ज्याचे अंग चालत नाही, त्याला सावडीत कोण घेणार?

तिसरे उदाहरण एका बोटाएवढ्याही नसलेल्या माशाचे. अंगावर निळे पट्टे असलेला झेब्राफिश तुम्ही काचेच्या पेटीत पाहिला असेल. तो मूळचा आपल्याच देशाकडचा, ओढ्यांत आणि भातखाचरांत कळपाने राहणारा. पोर्तुगालमधील लिस्बनजवळच्या गुल्बेंकियन विज्ञान संस्थेत रुई ओलिवेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर प्रयोग केले आणि २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले. लिस्बन म्हणजे संत अंतोनीचे जन्मगाव. माणसे ऐकेनात तेव्हा संत अंतोनीने माशांना प्रवचन दिले, अशी कथा आपल्याकडे सांगतात. आठशे वर्षांनी त्याच गावाजवळून मासे आपल्याला प्रवचन देत आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

प्रयोग असा होता. काचेच्या एका बाजूला एकटा मासा, दुसऱ्या बाजूला त्याच्या जातीच्या माशांचा कळप. जखमी माशाच्या कातडीतून जो द्रव पाण्यात मिसळतो, तो धोक्याची सूचना देतो. असा द्रव कळपाच्या पाण्यात टाकला. कळप भेदरला, सैरावैरा धावला आणि मग जागच्या जागी थिजला. अलीकडच्या माशाच्या पाण्यात काहीच नव्हते, त्याला स्वतःला कसलाही धोका नव्हता. तरी ते पाहून तोही थिजून थांबला. दुसऱ्याची भीती त्याच्या अंगात उतरली. पुढे असेही दिसले, की आधी भेदरलेल्या माशांकडे तो अधिक लक्ष देतो, त्यांच्या जवळ जातो. ज्या माशांच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे द्रव्य तयार होत नव्हते, ते मात्र दुसऱ्याची धडपड पाहूनही पहिल्यासारखेच पोहत राहिले. त्यांना ऑक्सिटोसिन दिले, तेव्हा तेही थांबू लागले. हेच द्रव्य आपल्या शरीरातही आहे. आई बाळाला पाजते तेव्हा पान्हा फुटतो तो याच्यामुळे.

आता यरीहोची वाट पाहा. याजकाने जखमी माणसाला पाहिले. लेवीनेही पाहिले. दोघांचे डोळे ठीक होते. पाहिलेले आत उतरले नाही, म्हणून ते दुसऱ्या बाजूने पुढे निघून गेले. शोमरोनी माणसाने तेवढेच पाहिले, पण त्याचे काळीज हलले आणि पाय थांबले. एक लक्षात ठेवू या : मासा थांबतो तो आपल्या जातीच्या माशासाठी आणि निसर्गाने घडवले म्हणून. शोमरोनी थांबला तो ज्यांच्याशी त्याच्या लोकांचे वैर होते, त्यांच्यापैकी एकासाठी आणि स्वतःच्या निवडीने. मरळीची माया, हेकरूची सावड, झेब्राफिशची कणव, या सर्वांच्या पुढची पायरी येशू आपल्याला दाखवतो. ती चढणे आपल्या हाती आहे आणि न चढणेही.

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या गोरेगाव परिसरातील दहा शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. पीक हातचे गेले, पीककर्ज फिटत नाही, तेव्हा आमचे मूत्रपिंड, यकृत, डोळे विकत घ्या, असे त्यात होते. वर्तमानपत्रांत बातमी आली. महाराष्ट्राने ती वाचली. आपण थांबलो का? ज्यांनी पत्र लिहिले ते निदान ओरडले तरी. ज्यांच्या तोंडून शब्दच निघत नाही, त्यांचे काय? मराठवाड्यात किती घरांत कर्ता माणूस कोणाला काही न सांगता स्वतःचा जीव देऊन निघून गेला आहे! त्याआधी तो पारावर यायचा बंद झाला असेल. सोयरिकीला जाणे त्याने टाळले असेल. आपण ते पाहिले असेल आणि 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून पुढे गेलो असू.

शोमरोनी माणसाने काय केले, ते क्रमाने पाहा. तो जवळ गेला. हातात होते ते तेल आणि द्राक्षारस जखमेवर ओतला. आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले. पैसे दिले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना तोही फेडीन, असा शब्द दिला. त्याने वाटेवरचे दरोडे थांबवले नाहीत. ते एकट्याचे काम नव्हते. त्याने एका माणसाला एकटे राहू दिले नाही.

या आठवड्यात आपणही एवढे करू शकतो. गप्प झालेल्या एका घरी जा, मग ते कोणत्याही धर्माचे किंवा जातीचे असो. कर्ज किती, हे पहिल्यांदा विचारू नका. चहा घ्या, बसा, ऐका. बँकेत किंवा तहसील कचेरीत एकट्याने जायला तो कचरत असेल तर सोबत जा. जगणे नको झाल्याचे कोणी बोलले तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणालाही विनामूल्य लावता येतो. पेरणी मागे पडलेल्या शेजाऱ्यासाठी पूर्वी गाव इर्जिक घालत असे. सगळे आपापली अवजारे घेऊन एका शेतात उतरत. तशी एक इर्जिक आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मिळून घालायला काय हरकत आहे? आणि एकदा जाऊन थांबू नका, पुन्हा जा.

आज वेदीवर आपण ज्याचे शरीर स्वीकारतो, तो प्रभू आपल्या भीतीत आणि वेदनेत स्वतः उतरला. त्याने आपल्याला पाहिले आणि तो पुढे निघून गेला नाही. दुसऱ्याचे दुःख पाहून थांबणारे हृदय तो आपणा सर्वांना देवो. आमेन.