गुण कोणाच्या नावावर?

कबड्डीत पकड नेमकी कोण करतं, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. चढाईपटू कोपऱ्याकडे सरकतो, बोनससाठी पाय टाकतो, परत फिरायच्या बेतात असतो, तेवढ्यात कोपरारक्षक झेपावून त्याचा घोटा धरतो. शिट्ट्या वाजतात. पण नुसता धरलेला घोटा म्हणजे पकड नव्हे. अंगात जोर असलेला चढाईपटू कोपरारक्षकाला फरफटत नेऊन मध्यरेषेला हात लावतो आणि गुण उलटा त्यालाच मिळतो. बऱ्याचदा तसं होत नाही, कारण त्याच क्षणी आतल्या बाजूने कव्हर आलेला असतो. चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्यामध्ये त्याने छाती घातलेली असते. गुणपत्रकात मात्र पकड लागते ती पहिला हात घालणाऱ्याच्या नावावर.

याहून अवघड प्रकार म्हणजे काहीच न घडणं. कव्हर योग्य जागी उभा आहे म्हणून चढाईपटू त्या बाजूला गेलाच नाही, तीस सेकंद संपत आले, रिकामा परतला. ही चढाई नोंदवहीत शून्याने दिसते. ते शून्य कोणामुळे आलं, हे लिहायला तिथे रकाना नसतो.

माझा प्रश्न असा आहे: संघ निवडताना अशा माणसाची किंमत कशी करायची? आणि जी किंमत आपण करतो, ती त्याला देणं लागतो का?

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये हा पेच दरवर्षी जाहीरपणे मांडला जातो. तिथे १९३६ पासून नव्या खेळाडूंची वाटणी ‘ड्राफ्ट’ पद्धतीने होते. संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात, हल्ली सात फेऱ्यांत. ‘टाइट एंड’ नावाच्या जागेवरचा खेळाडू चेंडू झेलू शकतो, आणि समोरच्यांना अंगावर घेऊन आपल्या माणसाची वाटही मोकळी करू शकतो. झेलांची मोजदाद होते. मोकळ्या झालेल्या वाटेवरून जो धावतो, त्याच्या धावेचीही होते. वाट करून देणाऱ्याच्या नावावर त्यातलं काही लागत नाही. मग मुख्यतः अंगावर घेण्याच्या कामासाठी एखाद्याला कितव्या फेरीत निवडायचं?

आपल्याकडे प्रो कबड्डीत ड्राफ्टऐवजी लिलाव आहे, त्यामुळे पेच थेट रुपयांत दिसतो. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. त्याच लिलावात ‘ड’ गटातल्या खेळाडूची पायाभूत किंमत ९ लाख होती. बचाव करणाऱ्यांना पैसे मिळतच नाहीत असं नाही. २०१८ मध्ये एक कोटीचा आकडा गाठणारा पहिला खेळाडू इराणचा फजल अत्राचली होता, आणि तो कोपरारक्षक. त्याआधी २०१६ मध्ये मोहित छिल्लर या कोपरारक्षकाला बंगळुरूने ५३ लाखांना घेतलं होतं. म्हणजे बचाव महाग होऊ शकतो, पण मोजता येणारा बचाव आधी महाग होतो. २०१५ मध्ये यू मुंबा विजेता ठरला तेव्हा कोपऱ्यांवर मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा होते, तर कव्हरला जीवा कुमार आणि विशाल माने. त्या चौघांना एकत्र खेळताना पाहिलेल्या माणसाला कोपरे कुठे संपतात आणि कव्हर कुठे सुरू होतात, ते सांगता आलं नसतं. लिलावाला मात्र ते सांगावंच लागतं, कारण तिथे बोली एकेका नावावर लागते.

२०२२ च्या हंगामाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तमिळ थलैवाजने पवनला २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो बाहेर गेला. तोच संघ त्या हंगामात पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोहोचला. यावरून पवनची गरज नव्हती असं ठरत नाही. एवढंच ठरतं, की संघ ज्यावर उभा असतो आणि ज्यासाठी पैसे मोजले जातात, त्या दोन गोष्टी नेहमी एक नसतात.

आता सिन्नरकडे येतो, कारण हा प्रश्न माझ्यासमोर करोडोंच्या भाषेत कधीच येत नाही. तो येतो बारा नावांच्या यादीच्या रूपात. गेली काही वर्षं तालुक्याच्या पातळीवर मुलांचे संघ निवडताना मी इतर दोघा-तिघांबरोबर बसतो. पोरं येतात ती पूर्वेकडच्या कोरडवाहू गावांतून, मुसळगाव-माळेगावच्या एमआयडीसीत पाळी करून, कुणी दूध घालून. अकरा नावांवर सहसा वाद होत नाही. बाराव्यावर होतो.

एकदा बाराव्या जागेसाठी दोघे होते. एक चपळ चढाईपटू, चाचणीत नऊ गुण घेतलेला. दुसरा धिप्पाड कव्हर, त्याच्या नावावर एक पकड. आमच्यातले सर्वांत जुने गृहस्थ कव्हरच्या बाजूने होते. ते म्हणाले, “हा ज्या बाजूला उभा होता, त्या बाजूने कोणी गेलं का, ते सांगा.” खरंच फारसं कोणी गेलं नव्हतं. पण दुसऱ्या सदस्याने जे विचारलं, ते मला आजही तितकंच वजनदार वाटतं. “नऊ गुणवाल्याच्या बापाला काय सांगू? तुमचा पोरगा गुणांनी पुढे आहे, पण आम्हाला दुसऱ्यात काहीतरी दिसलं?”

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘दिसत नाही, पण उपयोगी आहे’ हे वाक्य आपल्याकडे भाच्या-पुतण्यांना आत घेण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं आहे. ज्याच्यामागे कोणी नाही, त्या मुलाला आकडा हाच आधार असतो. नऊ म्हणजे नऊ, ते कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही. आणि यादीत असण्याला इथे अर्थ आहे. पुढच्या पातळीवर पोहोचून पदक मिळालं, तर त्या प्रमाणपत्रावर सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचं दार उघडू शकतं. संघाच्या प्रमाणपत्रावर चढाईपटू की कव्हर हे लिहिलेलं नसतं. बाराही जणांना ते सारखंच मिळतं. म्हणून बारावी जागा कोणाची, हा प्रश्न एखाद्या घरासाठी पुढच्या तीस वर्षांचा असू शकतो.

म्हणजे दोन अन्याय समोरासमोर आहेत. फक्त आकडे पाहिले, तर ज्याचं काम आकड्यांत उतरत नाही त्याच्यावर अन्याय. आकड्यांपलीकडे पाहिलं, तर पाहणाऱ्याची लहरच न्याय होऊन बसते.

सिन्नरला हा हिशेब नवा नाही. हे विड्यांचं गाव. विडीची मजुरी हजारावर मिळायची. कारखान्यातून तेंदूपत्ता, तंबाखू, दोरा घरी यायचा, आणि कार्डावर नाव एका बाईचं असायचं. पण पानं भिजवायची सासू, पत्र्याच्या मापावर ती कापायची शाळेतून आलेली मुलगी, तोंडं मुडपायला धाकटा. हजार विड्या एका नावावर जमा व्हायच्या, छाट निघाली तर तीही त्याच नावावर कापली जायची. १९६६ चा विडी कामगारांचा कायदा आला, तोही ज्याला कामगार म्हणून ओळखता येईल त्याच्यापर्यंतच पोहोचू शकत होता. कापणाऱ्या मुलीचे हात कोणत्याच कागदावर आले नाहीत. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की तिच्याशिवाय हजार भरत नाहीत. ठाऊक असणं वेगळं आणि देणं लागणं वेगळं.

अशा वेळी आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. पहिलं पायाच्या दगडाचं. गोंदेश्वराच्या देवळात उभं राहून ते पटतंही: कोरीव मूर्ती सगळे पाहतात, खालचे थर कोणी पाहत नाही, आणि देऊळ शतकानुशतकं उभं आहे. पण दगडाला घरभाडं नसतं. त्याला बहिणीचं लग्न करायचं नसतं. माणसाला पायाचा दगड म्हणणं म्हणजे त्याची स्तुती करता करता त्याचं मागणं काढून घेणं.

दुसरं उत्तर निष्काम कर्माचं. फळाची आशा धरू नकोस. शिकवण मोठी आहे, यात शंका नाही. पण ती कोण कोणाला सांगतं, हे पाहावं. स्वतःविषयी कव्हरने ती मानली तर ते त्याचं मोठेपण. कव्हरच्या वाट्याचं फळ ज्यांच्या हातात आहे, त्यांनीच त्याला ती ऐकवली, तर ती काटकसर होते. निष्कामता ही स्वतः स्वीकारायची गोष्ट आहे, दुसऱ्यावर लादायची नाही.

बाजाराचं म्हणणंही ऐकायला हवं. तो म्हणतो, किंमत कामाच्या महत्त्वाची नसते, दुर्मीळतेची असते. पाणी हिऱ्यापेक्षा महत्त्वाचं, तरी स्वस्त. एक कव्हर गेला तर दुसरा मिळतो, पवन एकच. यात तथ्य आहे, आणि लिलावातला प्रत्येक फरक अन्याय आहे असं मी म्हणत नाही. पण दुर्मीळ काय, हेही आपण काय मोजतो त्यावरच ठरतं. चांगला कव्हर आणि बरा कव्हर यांतला फरक ज्याला दिसत नाही, त्याला सगळे कव्हर मुबलकच वाटणार.

म्हणून निवडणाऱ्यावर, माझ्या मते, तीन गोष्टी बंधनकारक आहेत. पहिली, काय पाहणार ते आधी सांगणं. चाचणीपूर्वीच जाहीर करायचं, की कव्हरचे आधाराला येण्याचे प्रसंग मोजले जातील, त्याच्या बाजूने किती चढाया वळल्या ते लिहिलं जाईल. निकष आधी आणि उघड असला, की नऊ गुणवाल्याच्या बापाला वही दाखवता येते. आकड्यांचा विरोध करण्यापेक्षा रकाने वाढवणं चांगलं. सगळं मोजलं जाणार नाही, पण मर्जीला जागा कमी उरेल. आम्ही त्या वर्षानंतर तशी वही ठेवू लागलो. दोघांचं बसून पाहतो आणि नोंदी जुळतात का ते तपासतो. त्या दिवशी आम्ही कव्हरला घेतलं. नऊ गुणांच्या मुलाला कारण समोर बसवून सांगितलं. त्याला ते पटलं नाही, आणि पटायलाच हवं असं बंधन त्याच्यावर नव्हतं.

दुसरी, वाटा. गावोगावच्या स्पर्धांत ‘उत्कृष्ट चढाई’ आणि ‘उत्कृष्ट पकड’ अशी बक्षिसं असतात. सायकल, रोख रक्कम, कधी ढाल. संघाने ती रक्कम बारा जणांत वाटायची की नाही, हे हंगाम सुरू होण्याआधी ठरावं. जिंकल्यावर ठरवायला बसलं, की उदारपणाची पाळी ज्याच्या हातात पाकीट आहे त्याच्यावर येते, आणि बाकीच्यांना हक्काचं ते उपकार म्हणून घ्यावं लागतं.

तिसरी सर्वांत अवघड. सोळा वर्षांच्या मुलाला आपण सांगतो, “तू अंगाने भरलेला आहेस, कव्हर खेळ.” तो ऐकतो, चढाई सोडतो, त्याची चपळाई तिथेच थांबते. संघाचं भलं होतं. पण ज्या वाटेवर नाव आणि पैसा आहे, त्या वाटेवरून आपण त्याला बाजूला केलेलं असतं, आणि हे त्याला बहुधा चोविसाव्या वर्षी कळतं. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असं कांट म्हणाला. संघात प्रत्येक जण काही अंशी साधन असतोच. ‘केवळ’ हा शब्द टाळायचा, तर त्या मुलाला हे सगळं सोळाव्या वर्षीच कळायला हवं: या जागेवर काय मिळतं, काय मिळत नाही, आणि नाही म्हणालास तरी तुझी चढाई आम्ही पाहू. यातलं शेवटचं वाक्य खरं असेल, तरच पहिल्या दोघांना अर्थ आहे. म्हणून चाचणीत प्रत्येक कव्हरला निदान पाच चढाया द्याव्यात, असं मी आता प्रत्येक बैठकीत सुचवतो. वेळ जास्त लागतो, अंधार पडतो, पोरांच्या शेवटच्या गाड्या चुकतात. तरीही सुचवतो.