शहारा कशाचा?

टी वेस्ट यांचा २०२२ सालचा 'एक्स' हा अमेरिकन भयपट सत्तरीच्या दशकातील स्वस्त, भडक चित्रपटांच्या वळणाचा आहे. १९७९ साली टेक्सासमधील एका शेतावर अश्लील चित्रपट काढण्यास आलेली तरुण मंडळी तेथील वृद्ध दांपत्याच्या हातून एकामागून एक मरतात. रक्तपाताविषयी लिहिण्याजोगे फारसे नाही. प्रेक्षक खरा शहारतो तो त्याआधी, सुरकुतलेली पर्ल तरुण मॅक्सीनला स्पर्श करते तेव्हा. तिचा एकही अपराध तोवर आपण पाहिलेला नसतो. पुढील खुनांना क्षमा नाही. परंतु त्या पहिल्या किळसेचा दोष तिच्या माथी कसा मारावा? म्हातारपण हा काही अपराध नव्हे. आणि गंमत अशी, की दोन्ही भूमिका मिया गॉथ याच अभिनेत्रीच्या आहेत. पर्लच्या रंगभूषेखाली चेहरा मॅक्सीनचाच आहे.